चारूकाकीचा कुकारा

आमच्या यंत्राला कंपनीने भारदस्त नाव दिलंय, ते त्याच्या पाटीवर सुखाने राहो. कुडाळच्या या इस्पितळात सफाईवाल्या मावशींपासून डीनपर्यंत सगळे त्याला बोगदा म्हणतात, आणि मी, हर्षदा निंबाळकर, त्या बोगद्याची भौतिकतज्ज्ञ. म्हणजे डॉक्टर नव्हे. रोग कुठे आहे ते डॉक्टर सांगतात. किरण कुठून, किती आणि कसे जायचे ते मी ठरवते. हे शंभरदा सांगून झालं, तरी बाजारात बायका मला गाठून गुडघेदुखीचं औषध विचारतातच. मीही आता सांगून टाकते, तीळतेल चोळा.

चारुशीला कुबल माझ्याकडे आली ती दोन डॉक्टरांना नकार देऊन. साठीला टेकलेली, काटक, कर्ली खाडीवरच्या तरवाडीची. सगळी वाडी तिला चारूकाकी म्हणते, म्हणून मीही. तिला स्वरयंत्राचा कॅन्सर होता, तोही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी साध्या यंत्रावर किरण देऊन बरा केला होता. आता त्याच गळ्यात, डाव्या स्वरपट्टीच्या कडेवर, पुन्हा गाठ आली होती. एकदा भाजलेल्या जागेला पुन्हा तसंच भाजलं तर आसपासचं काही धड राहत नाही. म्हणून डॉ. सामंतांनी तिला स्पष्ट सांगितलं, की स्वरयंत्रच काढून टाकावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. काकीने शांतपणे ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि चालू लागली. सामंतांनी तिला दारातून परत बोलावलं आणि मला फोन केला, की बाई ऐकत नाही, तुझ्या बोगद्यातून काही जमतं का बघ.

जमण्यासारखं होतं. ते कसं, हे सांगायला थोडं विज्ञान लागेल. घाबरू नका, हे मी माझ्या नवऱ्यालाही समजावलं होतं, आणि तो बँकेत आहे.

क्ष-किरण शरीरात शिरले की ते स्वतः फारसं काही मारत नाहीत. ते आतल्या इलेक्ट्रॉनांना धक्का देऊन सुटं करतात, आणि हे सुटलेले इलेक्ट्रॉन धडपडत पुढे जाताना पेशींची मोडतोड करतात. आम्ही मात्रा म्हणतो ती या मोडतोडीची. आता बोगद्यात किरणांच्या जोडीला एमआरआयचं दांडगं चुंबक असतं, म्हणजे किरण चालू असतानाच आतलं चित्र दिसत राहतं. आणि चुंबकाच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, वळतो. मांसात त्याला पावलोपावली इतके धक्के बसतात की ते वळणं फारसं जाणवत नाही. पण वाटेत हवेची पोकळी आली, समजा फुप्फुस किंवा श्वासनळी, की त्याला अडवणारं कुणी उरत नाही. मग तो मांसातून हवेत निघतो, काही मिलिमीटरांचा फेरा घेतो आणि ज्या भिंतीतून निघाला तिच्यावरच माघारी येऊन आदळतो. त्या भिंतीला मात्रा जास्त मिळते आणि समोरचीला कमी.

माझ्या गुरुजनांनी या माघारी येण्याला कटकट मानलं आणि ती कशी टाळावी यावर आयुष्यं घालवली. आमच्या नव्या बोगद्यात चुंबकाचा जोर आणि दिशा दोन्ही बदलता येतात, त्यामुळे आम्ही कटकटीलाच कामाला जुंपलं. माघारी यायचंय ना, या बापडे, फक्त गाठीवर या. अट एकच, की ती हवेची पोकळी दर वेळी तंतोतंत त्याच आकाराची हवी. भिंत अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी फेरा चुकतो, आणि यंत्र आपणहून किरण थांबवतं.

आणि गळा म्हणजे शरीरातली सगळ्यात चुळबुळी जागा. श्वास घेतला की हलतो, थुंकी गिळली की उडी मारतो. म्हणून आम्ही रुग्णाला आवाज न काढता एखाद्या स्वराची नुसती बैठक धरून ठेवायला सांगतो, म्हणजे 'आ' म्हणायच्या आधी गळा जसा होतो तसा. किरण देणं दूरच, आधी चुंबकात झोपवून नुसता सराव करून घ्यायचा. काकीने 'आ' धरला, 'ई' धरला, 'ऊ' धरला. दर वेळी गळा वेगळ्याच जागी. सगळी दुपार गेली. मी घाटावरची, माझा आवाज आधीच चढा, त्यात संयम कमी. मी माइकवरून तिला दोनदा दटावलं, आणि तिने आतून मला सांगितलं की बाय माझ्या, तू ओरडतंस तेव्हा माझो घसो आणखी हलता.

दिवस कलायला आला तसं मी आवरायचं ठरवलं. तेवढ्यात पडद्यावर तिचा गळा आपोआप वर सरकला. स्वरपट्ट्या ताणून पातळ झाल्या, मधे एक बारीक फट राहिली आणि सगळं तिथेच थांबलं. थोड्या वेळाने गळा खाली आला, आणि पुन्हा वर गेला, पुन्हा नेमका तिथेच. मी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली तर एकच रेघ दिसली. इतक्या वर्षांत इतकी पक्की बैठक मी पाहिली नव्हती. मी विचारलं, काकी, आत्ता काय केलंत? ती म्हणाली,

"काय नाय गो. तेका हाक मारूची येळ झाली, आणि मी हयसर पडलंय."

तो म्हणजे तिचा नवरा, दिगंबर कुबल. खाडीवर पूल होण्याआधी तरवाडीची तर तो चालवायचा. म्हणजे होडीतून माणसं, पाट्या, कोंबड्या, नवरदेव, जे असेल ते पलीकडे पोचवायचा. पूल झाला, तर बंद पडली, आणि पुढे काही वर्षांनी त्याची आठवण उतरायला लागली. आधी नावं गेली, मग साल गेलं, मग काकीचा चेहरा गेला. सकाळी उठून होडीवर जाऊन बसायचं तेवढं राहिलं. दिवस उतरला की त्याला घरची वाट सापडत नसे, आणि कुणी हात धरून न्यायला गेलं तर जात नसे. बायको बोलावेल तेव्हा जाईन म्हणायचा. ती बायको समोर उभी असली तरी हेच म्हणायचा.

मग काकी लांब बांधावर जाऊन उभी राहायची आणि कुकारा घालायची. आमच्याकडे ही चीज नाही. इथे माणसं डोंगरावरून, शेतातून, खाडीच्या अलीकडून पलीकडे लांबलचक 'कूऽऽ' करून एकमेकांना बोलावतात. त्यात नाव नसतं, तरी कुणाचा कुकारा आहे आणि कुणासाठी आहे ते बरोबर कळतं. काकी मला चिडवायची, की घाटावरच्यांना हाका फक्त बैलांसाठी ठाऊक. तर काकीने कुकारा घातला की होडीतला तो म्हातारा खडबडून उठायचा, आपला कुकारा द्यायचा आणि आवाजाच्या रोखाने चालायला लागायचा. मधे कुठे थबकला तर ती पुन्हा घालायची. असा तो रोज घरी यायचा. चेहरा विसरलेला माणूस, पण त्या आवाजाला अजून माझी बायको म्हणत होता.

लग्नाच्या आधीपासून रोज घातलेला कुकारा तो. गळ्याला इतका पाठ की मनाला विचारावंही लागत नव्हतं. मी रात्रीपर्यंतही थांबले नाही, तिथेच गणित मांडायला बसले. उत्तर इतकं देखणं आलं की मी खुर्चीतच टाळी वाजवली. कुकाऱ्याच्या बैठकीत गाठ हवेत पुढे येत होती, माघारी फिरलेले इलेक्ट्रॉन सगळे तिच्यावर पडत होते, आणि मागचं मांस जवळजवळ वाचत होतं.

मग मी गणित पुन्हा वाचलं. आपण बोलतो तेव्हा स्वरपट्टी तिच्या सगळ्या जाडीनिशी थरथरते. कुकाऱ्यासारख्या उंच आवाजात ती ताणून पातळ होते आणि फक्त कड थरथरते. गाठ त्या कडेवरच होती, आणि मी सगळी मात्रा त्या कडेवरच टाकत होते. गाठ जाणार होती. बोलणं राहणार होतं, जरा घोगरं. कड मात्र कायमची निबर होणार होती, आणि तिच्याबरोबर कुकारा जाणार होता.

काकीला मी हे सगळं सांगितलं, चित्रं दाखवून. लपवण्यात अर्थ नव्हता. तिने नीट समजून घेतलं आणि मग नको म्हणाली. मी म्हटलं, काकी, गाठ वाढली की कुकारा तसाही जाईल. तिने विचारलं किती दिवसांनी. मी म्हटलं काही महिने. ती म्हणाली, तेवढे महिने तर तो घरी येईल. हे तिने अगदी सरळ हिशेबाने म्हटलं.

मला अर्थातच तांत्रिक उपाय सुचला. आम्हा लोकांना दुसरं काय सुचणार. मी चांगला माइक घेऊन तरवाडीला गेले, काकीचे दहा-बारा कुकारे ध्वनिमुद्रित केले, आणि त्याच्या उत्तराप्रमाणे आपला कुकारा लहान-मोठा करणारी एक डबी बनवून घेतली. हल्ली असं काहीही बनतं. संध्याकाळी डबी बांधावर ठेवून आम्ही माडामागे लपलो. डबीने कुकारा घातला, अगदी हुबेहूब. दिगूकाका उठला, ऐकत राहिला, पण उलट कुकारा दिला नाही. सावकाश चालत डबीपाशी आला, तिला उचलून उलटसुलट पाहिलं, आणि कुणा उतारूची राहिली असणार असं ठरवून होडीत घालून पलीकडे पोचवायला निघाला. आम्ही दोघी किनाऱ्यावर धावतोय, डबी होडीत कुकारे घालतेय आणि तो तिला गप्प बस म्हणतोय. काकी हसून हसून खाली बसली. मग हसता हसता डोळ्याला पदर लावला.

त्या संध्याकाळी तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तुम्ही हट्टी आहात. ती म्हणाली, आहेच. मी म्हटलं, आवाज वाचतोय, जीव वाचतोय, आणखी काय पाहिजे माणसाला. त्यावर ती कोळंबी सोलत होती ती थांबली.

"माझो कुकारो गेलो तर तो माका वळखतलो कसो?"

"आणि तुम्हीच गेलात काकी, तर त्याची वाट कोण बघणार?"

मला असं बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले. ती कोळंबी धुवायला विहिरीवर गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी माझी गाडी काढली. घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. तो पुण्यात असतो, आम्ही एकमेकांना हाका मारत नाही, निरोप टाकतो. मी त्याला म्हटलं, मला एकदा नावाने मोठ्याने हाक मार. त्याने काळजीने विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे, झोप. पण मला त्याची इतकी आठवण आली, की फोन ठेवल्यावर उशीत तोंड खुपसून रडले.

पुढच्या सोमवारी काकी सकाळच्या एसटीने आली. कुणी काही विचारायच्या आत बोगद्यासमोरच्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, चल गो, सुरू कर तुझा काय ता.

तेव्हापासून रोज तोच क्रम. ती आत झोपायची, मी माइकवरून म्हणायची, काकी, हाक मारा. ती आवाज न काढता गळ्यात कुकारा बांधायची. पडद्यावर गळा वर सरकायचा, ताणायचा, स्थिर व्हायचा, आणि किरण सुरू व्हायचे. इलेक्ट्रॉन हवेत निघत होते, फेरा घेत होते, माघारी येत होते. यंत्र एकदाही अडलं नाही. सामंत म्हणाले असा सहकार्य करणारा रुग्ण पाहिला नाही. मला मात्र ते काम नकोसं झालं. रोज मी तिला सांगायची नवऱ्याला हाक मार, आणि तिने मारली की तीच हाक गळ्यातून जाळून काढायची. ती आत असताना मी एकदा माइक बंद करून देवाला चार शिव्या घातल्या, मग पुन्हा चालू करून म्हटलं, छान, काकी, आणखी एकदा.

संध्याकाळी ती घरी पोचायची आणि बांधावर जाऊन खरा कुकारा घालायची. पहिले काही दिवस तो तसाच होता. मग त्यात खरखर आली. मग तो होडीपर्यंत पोचेनासा झाला आणि तिला बांध सोडून पुढे यावं लागलं. ती मला हे सगळं सांगायची, तक्रार म्हणून नव्हे, माझ्या कामाला उपयोगी पडेल म्हणून. शेवटच्या आठवड्यात ती होडीपासून हाकेच्या अंतरावर उभी राहून घालत होती. मग एके दिवशी तोंडाशी हात धरला आणि नुसती हवा आली. त्या दिवशी तो घरी कसा आला, हे तिने मला सांगितलं नाही.

पावसाळा सरून गेल्यावर ती तपासणीला आली. गाठ गेली होती. मागमूस नव्हता. सामंतांनी माझी पाठ थोपटली, माझ्या नावाने एक शोधनिबंध लिहायचं ठरलं, आणि इस्पितळाने पेढे वाटले. काकीने दोन पेढे कागदात बांधून घेतले. तिचा आवाज घोगरा, पुरुषी झाला होता, पण स्पष्ट होता. मी हळूच विचारलं, दिगूकाका? ती म्हणाली, येता घराक. कोण आणतं विचारलं तर म्हणाली, ये एकदा, बघ.

मी त्याच आठवड्यात गेले. ऊन उतरत होतं. आम्ही दोघी खाडीकडे चालत होतो आणि समोरून कुकारा ऐकू आला. मी दचकले. काकी म्हणाली, तो घालता. हाक येत नाही म्हणून काही दिवस तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला, आणि मग एका संध्याकाळी स्वतःच तोंडाशी हात धरून तिला बोलवायला लागला. सगळं आयुष्य हिने त्याला बोलावलं होतं. त्याने नुसती ओ द्यायची, अशी रीत. आता हा माणूस रिकाम्या होडीत उभा राहून, माडांकडे तोंड करून, तिला साद घालत होता, आणि ती माझ्या शेजारून चालत होती आणि तिला ओ देता येत नव्हती. मला वाटलं, आपण हे काय करून ठेवलं.

आम्ही होडीपाशी गेलो. त्याने आम्हाला पलीकडे जायचंय का विचारलं. काकी म्हणाली,

"नाय. तिचो घसो बसलोहा. तिना माका धाडल्यान, तुमका घराक नेवक."

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग बरं म्हणाला, होडी बांधली आणि शहाण्या मुलासारखा उतरून आला. हे रोजचंच असणार, कारण काकी पुढे झालीसुद्धा होती. तो तिच्याशी अदबीने बोलत होता, परक्या बाईशी बोलावं तसं, आणि सगळं बोलणं बायकोविषयीच होतं. ती लहान होती तेव्हा तिच्या बापाला पलीकडून बोलवायला कुकारा घालायची. ती आपल्याला बोलवत नाही हे त्याला कळत होतं, तरी तो रिकामी होडी घेऊन निघायचा. अर्ध्या खाडीत पोचला की परत फिरायचा. इतर खलाशी हसायचे. लग्न ठरलं तेव्हा त्याला वाटलं, आता ही बोलवेल ते आपल्यालाच.

काकी दोन पावलं मागे राहिली आणि माझ्या कानाशी आली.

"चाळीस वर्सांत ह्येनी माका ह्या कधी सांगूक नाय. आता रोज सांगता. परक्याक."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मला तिच्यासाठी आनंद झाला का दुःख, अजून सांगता येत नाही. तेवढ्यात तो खळ्याच्या कडेला थांबला. घराकडे पाहिलं, मग काकीकडे वळून हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"तुमी हयसूनच जावा आता. ती घरात आसा. आमका एकत्र बघल्यान तर काय म्हणतली?"

काकीने मान हलवली. तो चपला काढायला वाकला, आणि तिने साडी वर खोचली, मला तशीच उभी सोडली आणि घराला वळसा घालून मागच्या दाराकडे धावत सुटली. तो आत शिरायच्या आधी तिला घरात असायला हवं होतं.